तलावाच्या पाण्यात फक्त रविवारीच मीठ कसं वाढतं?

खतावणी (ठाणे) | रविवार, सकाळी 10:20

मंडळी, एक हिशेब जुळत नाहीये म्हणून इथे टाकतेय.

घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला एक तलाव आहे. आम्ही पाच जण दर रविवारी सकाळी सातला त्याचं पाणी तपासतो. मी, माझ्या फिरायला येणाऱ्या दोघी मैत्रिणी, आरओ दुरुस्त करणारा एक मुलगा आणि अकरावीतली एक कार्टी. ती प्रोजेक्टच्या मार्कांसाठी आली होती, मार्क मिळाले तरी गेली नाही. तलावाचं नाव मुद्दाम देत नाही. मागे एकदा दिलं, तर दुपारपर्यंत 'ठाण्यात विषारी तलाव' असा फॉरवर्ड माझ्याच नणंदेकडून मला परत आला.

बत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे वही ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. चौदा महिन्यांच्या नोंदी आहेत. तीन जागा: देवळासमोरची पायरी, वडाखाली, आणि पश्चिमेला पावसाळी गटाराचा पाइप तलावात उघडतो ते तोंड. हत्यार म्हणाल तर पेनासारखं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार बघायला वापरतात ते), आरओवाल्याच्या खिशातलं. पायरीपाशी आकडा वर्षभर शहाण्यासारखा वागतो. पावसाळ्यात दोनशेच्या आत, मग चढत चढत मे महिन्यात पाचशेपर्यंत. सध्या 340.

पाइपाच्या तोंडाशी मात्र दिवाळीनंतर दर रविवारी 850 ते 950. आधी वाटलं मीटर बिघडलं. दुसरं आणलं, तेच. मग बुधवारी जाऊन बघितलं तर 360! पुढच्या बुधवारी 355. रविवारी पुन्हा 910.

माझी भाची अमेरिकेत मिनेसोटात असते. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते नदीनाल्यात किती उतरतं हे ती आणि तिच्यासारखे हौशी लोक तपासतात. तिने दिवाळीच्या फराळाची परतफेड म्हणून क्लोराइड (मिठातला एक घटक) मोजायच्या पट्ट्यांची बाटली धाडली. (मी चकली पाठवली, तिने पट्ट्या. आमच्या घराण्याची रीत.) पट्टी पाण्यात उभी करायची, तिच्या मधल्या तपकिरी रेघेत खालून पांढरा रंग मुंगीच्या पावलांनी वर चढतो. वरची पिवळी पट्टी काळसर निळी झाली की थांबायचं आणि पांढऱ्याचं टोक कुठल्या आकड्यावर आहे ते बाटलीवरच्या तक्त्यात बघायचं. गेल्या रविवारी पायरीपाशी लिटरला 70 मिलिग्रॅम निघालं, पाइपापाशी 410.

म्हणजे मीठच. पण रविवारीच का? इथे कुठे बर्फ पडतो? एका कार्यालयात वही घेऊन गेले तर साहेबांनी मीटर बोटांत फिरवून बघितलं आणि म्हणाले, 'मॅडम, हे आरओ विकणाऱ्यांचं आहे.' वही उघडलीसुद्धा नाही.

कुणाला काही सुचतंय का?

---

अरेच्चा | रविवार, 10:41

निर्माल्य? रविवारी देवळात गर्दी असते.

---

खतावणी | रविवार, 10:55

देऊळ पायरीपाशी आहे, पाइप समोरच्या काठाला. आणि सोमवारी शंकराला त्याहून जास्त गर्दी असते.

---

भरती_ओहोटी (वाशी) | रविवार, 11:30

आमच्याकडे हा प्रश्न रोजचा आहे, म्हणून लिहितो. नवी मुंबईतले धारण तलाव सिडकोने डच पद्धतीने बांधले. शहर सखल, खाडी उशाशी. पावसाचं पाणी तलावात साठवायचं, ओहोटीला झडपेतून खाडीत सोडायचं आणि भरतीला झडप आपोआप मिटायची, अशी कल्पना. झडप जुनी झाली, कचरा अडकला, की भरतीचं पाणी आत येतं. मी एकदा हौसेने मीटर बुडवलं तर त्याने हातच टेकले, आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात 35 ग्रॅम क्षार असतात, बिचारं मीटर काय करणार!

पण तुमचा तलाव येऊरच्या डोंगराच्या पायथ्याकडे असेल तर खाडीचा संबंध नाही. आणि भरती वारावर चालत नाही, तिथीवर चालते. या रविवारी पौर्णिमेचं उधाण असेल तर पुढच्या रविवारी अष्टमीचा भांग, म्हणजे सगळ्यात कमी भरती येणार. तुमचा आकडा तर दर रविवारी सारखाच. म्हणजे हे चंद्राचं काम नाही, माणसाचं आहे.

अवांतर: आमचे आजोबा मिठागरात होते. कोंडीतल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचे आणि सांगायचे, अजून दोन दिवस. पाण्याचा खारटपणा पंचवीस डिग्रीला (बोमे, तापमान नव्हे) पोचला की मीठ पडायला लागतं, मुकादम तेच नंतर काचेच्या नळीने मोजून बघायचा. तुमच्या तलावात हा प्रयोग कृपया करू नका.

---

ब्युरेट (कळवा) | रविवार, दुपारी 3:05

पाण्याच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. वही ठेवणारं माणूस दिसलं की बरं वाटतं.

आधी मीटरबद्दल. टीडीएस मीटर क्षार मोजतच नाही. ते पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतं आणि त्या आकड्याला 0.5 किंवा 0.7 अशा ठोकळ गुणकाने गुणून आपल्याला 'टीडीएस' म्हणून दाखवतं. त्यामुळे जंतू, कीटकनाशकं, तेल यातलं त्याला काही कळत नाही. तो आकडा बघून पाणी विषारी ठरवणारे आणि पाणी चांगलं ठरवणारे, दोघेही चूक. पण एकाच जागी, एकाच मीटरने, वर्षभर नोंद ठेवली तर 'काहीतरी बदललं' हे सांगायला त्याच्याइतकं स्वस्त साधन नाही. 1413 मायक्रोसीमेन्सचं (वीज किती वाहते त्याचं एकक) प्रमाण द्रावण मिळतं, महिन्यातून एकदा त्यात बुडवून मीटरचा आकडा जुळवून घ्या. साहेबांना पुढच्या वेळी त्याची नोंदही दाखवता येईल.

आता तुमचा ताळा. क्लोराइडमधला फरक 410 वजा 70, म्हणजे 340. क्लोराइडचं मीठ करायला 1.65 ने गुणायचं. झाले 561. पायरीच्या 340 टीडीएसमध्ये हे मिळवा: 901. तुमचं मीटर 910 म्हणतं. म्हणजे रविवारची वाढ जवळजवळ सगळी मिठाची आहे. बँकेत यापेक्षा मोठी तफावत तुम्ही सस्पेन्स खात्यात टाकली असेल.

सांडपाणी आहे का? सांडपाण्यातही क्लोराइड असतं, पण सोबत अमोनिया येतो आणि पाण्यातला ऑक्सिजन खाली जातो. माशांच्या टाकीचं सामान विकणाऱ्या दुकानात अमोनियाची छोटी पेटी मिळते, ती आणा. अमोनिया नसेल आणि क्लोराइड असेल तर सांडपाणी सोडून द्या. त्याच फेरीत कठीणपणाची, म्हणजे हार्डनेसची पेटीही घ्या. का ते नंतर सांगतो.

आणि एक गोष्ट कुणी बोलली नाही. दिवाळीनंतर पावसाळी गटार कोरडं असायला हवं. त्यातून पाणी येतंय कुठून?

---

बर्फाळ (मिनियापोलिस) | रविवार, रात्री 9:15

मावशी, मीच ती चकली खाऊन पट्ट्या पाठवणारी. तू तर इथे पाककृती वाचायला येतेस असं मला वाटायचं.

इथे आत्ता उणे 19 आहे. साधं मीठ रस्त्याचं तापमान उणे 9 च्या आसपास गेलं की कामच करत नाही, तरी समोरच्या दुकानदाराने बादलीभर ओतून ठेवलंय. बूट पांढरे, गाडी पांढरी, कुत्र्याचे पाय फुटलेले. आणि हे मीठ वितळून जातं कुठे? गटारातून ओढ्यात, ओढ्यातून तळ्यात. क्लोराइडला कुठला जंतू खात नाही, ते उडून जात नाही. जुळ्या शहरांच्या (मिनियापोलिस आणि सेंट पॉल) परिसरातलं साधारण सत्तर टक्के मीठ इथल्याच जमिनीत, भूजलात आणि तळ्यांत राहतं, असं आमच्या विद्यापीठाच्या अभ्यासात निघालं होतं. राज्यातले पन्नासहून जास्त तलाव-ओढे क्लोराइडमुळे 'बिघडलेले' म्हणून सरकारी यादीत आहेत.

आम्ही आयझॅक वॉल्टन लीग या जुन्या संस्थेच्या 'सॉल्ट वॉच' मोहिमेत मोजतो. 2018 पासून चालू आहे. पट्ट्या घरपोच येतात, फोटो काढून आकडा नकाशावर चढवायचा. खरी मजा बर्फ पडल्यावर नसते, वितळल्यावर असते. चार दिवस उबदार गेले की ओढ्याचा आकडा उसळतो. म्हणजे कधी मोजता यावर सगळं आहे. तू रविवारी सातला मोजतेस, पण मीठ सातलाच आलं कशावरून? ते रात्री येऊन तळाशी बसलं असेल. खारं पाणी जड असतं, आमच्या काही तळ्यांत ते तळाला बसून वरचं-खालचं पाणी मिसळूच देत नाही. बाटलीला दोरी आणि दगड बांधून तळाचं पाणी काढून बघ.

आणि मावशी, आमच्याकडे रस्त्यांच्या खालोखाल दोष कुणाला देतात माहितीये? घरोघरच्या वॉटर सॉफ्टनरना, म्हणजे पाण्याचा कडकपणा काढणाऱ्या यंत्रांना. तुमच्या रोडवर टँकर आणि बोअरचं पाणी वापरणाऱ्या किती सोसायट्या आहेत?

---

अरेच्चा | सोमवार, सकाळी 8:02

एक विचारू? आमच्या गावी बोअरचं पाणी 1200 टीडीएस आहे, तिसरी पिढी पितेय. तलावात 410 क्लोराइड म्हणजे एवढं काय? उगाच सोसायट्यांच्या मागे लागायचं.

---

ब्युरेट | सोमवार, 11:20

प्रश्न रास्त आहे. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक, आयएस 10500, क्लोराइड 250 पर्यंत असावं म्हणतं आणि दुसरा स्रोत नसेल तर 1000 पर्यंत चालवून घेतं. ते माणसासाठी. माणसाला मूत्रपिंड आहे आणि मीठ जास्त झालं तर तो दुसरं पाणी पितो. तलावातला पिसूएवढा जलपिसवा कुठे जाणार? गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी अमेरिकेने 1988 मध्ये मर्यादा घातली, चार दिवसांची सरासरी 230 आणि थोड्या वेळापुरती 860. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांच्या पाण्यासाठी सामू, ऑक्सिजन आणि मुक्त अमोनिया एवढंच बघतात, क्लोराइडचा रकानाच नाही. म्हणून कुणी विचारत नाही.

मात्र 410 ने मासे मरत नाहीत, हेही लिहून ठेवा. तिलापिया तर याहून कितीतरी खारं पाणी सोसतो. तलावात मासे उलटे तरंगले की आधी पहाटेचा ऑक्सिजन मोजायचा, सूर्य वर यायच्या आत. मिठावर सगळं खापर फोडू नका.

सॉफ्टनरचं भाचीने बरोबर ओळखलं. हार्डनेसची पेटी त्यासाठीच आणायला सांगितली होती. नुसतं मीठ ओतलं असेल तर हार्डनेस फारसा वाढणार नाही. सॉफ्टनर धुतलेलं पाणी असेल तर रेझिनने (कडकपणा धरून ठेवणारे यंत्रातले मणी, ते मिठाच्या पाण्याने धुतात) धरलेला कॅल्शियम-मॅग्नेशियमही मिठाबरोबर बाहेर पडतो, हार्डनेस दुप्पट दिसेल.

---

बी_विंग_सेक्रेटरी | सोमवार, रात्री 10:47

बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहावंच लागतंय. आमची सोसायटी त्याच रोडवर आहे (तुमच्या तलावाजवळची नव्हे, असं मी समजतो!). टँकर आणि बोअरचं मिश्र पाणी. आठ वर्षांपूर्वी सगळ्यांचे गीझर आणि नळ पांढरे पडायला लागले, तेव्हा पंपरूममध्ये सॉफ्टनर बसवला. 300 लिटर रेझिन आहे. कंपनीच्या पुस्तिकेत लिटरला 150 ग्रॅम मीठ, म्हणजे एका धुण्याला 45 किलो. आमचा पंपवाला सरळ पन्नासची गोणी टाकीत उलटी करतो आणि काठीने ढवळतो.

हे धुतलेलं पाणी कुठे जातं, हे मी सेक्रेटरी असून आज पहिल्यांदा खाली जाऊन बघितलं. पंपरूमच्या जमिनीत जाळी आहे. जाळी पावसाळी गटाराला जोडलेली आहे. बिल्डरने दिली तशीच.

रात्री हिशेब केला. 50 किलो मिठात 30 किलो क्लोराइड. लिटरला 250 मिलिग्रॅमने भागलं तर 1 लाख 20 हजार लिटर पाणी त्या मर्यादेला पोचतं. दहा हजारी टँकर बारा. एका गोणीत. आमच्या चार गोण्या लागतात महिन्याला.

---

भरती_ओहोटी | सोमवार, रात्री 11:05

सेक्रेटरीसाहेब, पंपरूममध्ये स्वतः उतरलेला सेक्रेटरी मी आज पहिल्यांदा पाहिला. मानलं.

---

खतावणी | तीन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी 1:30

ताळा जुळला. सविस्तर लिहिते, कारण तुम्हा सगळ्यांचा यात वाटा आहे.

अमोनिया पाइपापाशी जवळजवळ नाही. हार्डनेस पायरीपाशी 150, पाइपापाशी रविवारी 320. ब्युरेटकाका, तुमच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. दोरी-दगडाची बाटलीही केली. पाइपासमोर वरचं पाणी 890, तळाचं 1,340.

मग शनिवारी रात्री आम्ही बसलो. मी, आरओवाला मुलगा आणि कार्टीचे वडील (तिला घरून परवानगी नव्हती, ती दर दहा मिनिटांनी फोन करत होती). थर्मासमध्ये चहा, डासांची अगरबत्ती, मांडीवर वही. साडेदहापर्यंत पाइप कोरडा. दहा वाजून पन्नास मिनिटांनी आत गुळगुळ असा आवाज आला आणि मनगटाएवढी धार पडायला लागली. पहिला आकडा 410. अकरा वाजता 1,900. अकरा पस्तीसला 4,260. मुलाने बॅटरी मारली, तर धार तलावाच्या पाण्यात शिरते तिथे पाणी हलल्यासारखं, तेलकट काचेसारखं दिसत होतं, तव्यावरची हवा दिसते ना तसं. जड पाणी हलक्यात उतरताना असंच दिसतं म्हणे. मी दहा मिनिटं नुसती बघत बसले, एक नोंद चुकली.

आरओवाला झाकणाझाकणाला कान लावत वर गेला. तिसऱ्या झाकणानंतर आवाज एका फाटकाच्या आत वळला. वॉचमन जागाच होता. त्याला विचारलं, तर बिचाऱ्याने काही लपवलं नाही. 'शनिवारी सॉफ्टनर मारतो काकू. रविवारी सगळ्या बाया केस धुतात, पाणी कडक आलं की साबणाला फेस येत नाही, मग सगळ्या मलाच बोलतात.'

एवढंच! तीन महिने मी तिथी बघतेय, देऊळ बघतेय, आणि कारण काय तर रविवारचं न्हाणं.

पंपरूम त्याने उघडून दाखवली. कोपऱ्यात खडे मिठाच्या गोण्या, एक फुटलेली, तिच्यातून पाणी सुटून जमिनीवर पांढरी साय. दाराच्या बिजागऱ्या गंजून पापुद्रे सुटलेले. एका खेपेला दोन गोण्या टाकतो म्हणाला. का? एकीने फेस येतो, दोहोंनी जास्त येईल असं त्याला वाटलं. सेक्रेटरीसाहेब, तुमच्या हिशेबाने चोवीस टँकर, दर शनिवारी.

त्यांच्या कमिटीने आधी हात झटकले. एक गृहस्थ म्हणाले, 'मीठच आहे ना, आपण जेवणात खातो.' मी वही उघडून समोर ठेवली आणि बी-विंगसाहेबांचा गोणी-टँकरचा हिशेब वाचून दाखवला. तलावाचं कुणाला फारसं वाटलं नाही, खरं सांगायचं तर. गोण्यांचा वर्षाचा खर्च ऐकला तेव्हा मात्र खजिनदार ताठ बसले. रेझिन मोजून घेतलं, 280 लिटर निघालं. एक गोणी पुरते. आणि धुण्याचं पाणी जाळीत न सोडता सांडपाण्याच्या लाइनला जोडलं. प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम होतं.

काल रात्री पाइप कोरडा. आज सकाळी सात वाजता तोंडापाशी 380, पट्टीवर 85. वहीत हिरव्या शाईने लिहिलं.

पण आता नवीनच. त्या सोसायटीचं सांडपाणी त्यांच्याच एसटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेत जातं आणि तिथून बागेला. आज सकाळी त्यांचा माळी मला फाटकाशी थांबवून विचारत होता, 'बाई, तुम्ही पाण्याचं बघता ना, गेल्या आठवड्यापासून तगरीची पानं कडेने करपतायत, जास्वंदीचीपण.' त्याच्या पाइपातलं पाणी मीटरवर 1,150.

काका, एसटीपी मीठ काढत नाही ना? वेगळा धागा काढू की इथेच विचारू?

---

ब्युरेट | रविवार, 2:10

नाही काढत. इथेच विचारा. माळ्याला तोवर आठवड्यातून एकदा साधं पाणी भरपूर घालायला सांगा, आणि सॉफ्टनर धुतल्यावर दोन दिवस एसटीपीचं पाणी बागेला नको.